गुणांचा भाव आणि विषयाचा कस

शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे आमच्या भिवंडी शहरास दोन-चार दिवस निराळाच उत्साह चढतो. नाक्यानाक्यावर अभिनंदनाचे फलक लागतात, पेढ्यांचे पुडे घरोघर फिरतात, आणि जो तो भेटेल त्यास एकच प्रश्न करतो : किती टक्के? उत्तर नव्वदाच्या वर असले तर माना डोलतात. खाली असले तर चारदोन सांत्वनाचे शब्द पुटपुटले जातात. हे टक्के कशाकशाचे मिळून झाले, त्यांत कोणता विषय मोजला गेला व कोणता हळूच गाळला गेला, मुलाने कठीण वाट धरली होती की सोपी, हे मात्र कोणी विचारीत नाही. लोक विचारीत नाहीत यात नवल ते काय? ज्या महाविद्यालयाच्या दारी ते टक्के घेऊन जावयाचे, ते महाविद्यालयही विचारीत नाही.

वस्तुतः ज्या गावाचे पोट यंत्रमागावर चालते त्या गावास तरी हा प्रश्न सुचावयास हवा होता. सूत वजनावर विकले जाते हे खरे. परंतु वीस नंबरचे एक किलो सूत आणि साठ नंबरचे एक किलो सूत यांस एकच भाव लावा, असे म्हणणारे गिऱ्हाईक पेढीवर आले तर मुनीमजी त्यास पाणी पाजून वाटेस लावतील. मजुरीचा हिशेब तर याहून स्पष्ट आहे. जॉबवर माग चालविणाऱ्यास मजुरी ठरते ती पिकावर, म्हणजे इंचामागे आडवे धागे किती पडले यावर. धागे जितके अधिक तितके कापड दाट, तितका मागास वेळ अधिक, आणि तितकी मीटरमागे मजुरीही अधिक. उद्या एखाद्या शेटजींनी असे फर्मान काढले की, पिक किती ते आम्ही पाहणार नाही, मीटर तेवढे मोजू, तर महिन्याभरात दाट कापड विणणारा एक माग भिवंडीत उरणार नाही. सारे विरविरीत फडके विणीत बसतील, आणि तसे करणाऱ्यास मूर्खही म्हणता येणार नाही. विद्येच्या पेठेत आज नेमके हेच फर्मान चालू आहे.

ते कसे, हे जरा उकलून सांगितले पाहिजे. राज्य मंडळाच्या दहावीस तीन भाषा, गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रे असे प्रत्येकी १०० गुणांचे सहा विषय असतात. सहाही विषयांत उत्तीर्ण व्हावे लागते; परंतु टक्केवारी काढताना ज्या विषयात सर्वांत कमी गुण असतील तो सोडून उरलेल्या पाचांचीच बेरीज धरतात. 'बेस्ट फाइव्ह' या नावाने ही रीत २०१० पासून घराघरांत ठाऊक झाली आहे. आता समजा, एका विद्यार्थ्यास तीन भाषांत ९४, ९२ व ९५, सामाजिक शास्त्रांत ९३, विज्ञानात ९१ आणि गणितात ४७ गुण मिळाले. गणित गळाले, बेरीज ४६५, टक्के ९३. दुसऱ्यास भाषांत ८४, ८३ व ८८, सामाजिक शास्त्रांत ९०, विज्ञानात ९५ आणि गणितात ९८. याची एक भाषा गळाली, बेरीज ४५५, टक्के ९१. दोघांनीही अर्ज केला विज्ञान शाखेसाठी. यादीत पहिला वर, दुसरा खाली. आणि जागा एकच उरली असेल तर ज्यास गणितात अर्धेही गुण नाहीत तो आत व ज्यास ९८ आहेत तो बाहेर. सहाही विषय मोजले असते तर पहिल्याचे ५१२ आणि दुसऱ्याचे ५३८ भरले असते, हे वाचकांनी स्वतःच बोटांवर मोजून पाहावे. पहिल्या मुलाने काही लबाडी केली असे नव्हे. तो कला शाखेत गेला असता तर कदाचित नाव काढता. नियमानेच त्यास भलत्या दारी नेऊन उभे केले.

त्या नियमामागील हेतू वाईट होता असे मात्र आम्ही म्हणणार नाही. एखादा विषय कोणास जन्मतःच जड जातो, एखाद्यास ऐन पेपराच्या दिवशी ताप भरतो. त्या एका दिवसाने वर्षभराची मेहनत बुडू नये ही दया रास्तच होय. शिवाय इतर मंडळांच्या विद्यार्थ्यांपुढे आपल्या मुलांची पीछेहाट होते ही तक्रार त्या काळी मोठी होती, आणि तिजवर सरकारने एकामागून एक औषधे काढली. २००८ मध्ये निरनिराळ्या मंडळांचे गुण एका पातळीवर आणण्यासाठी 'पर्सेंटाइल'चे सूत्र आले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले. २००९ मध्ये नव्वद टक्के जागा राज्य मंडळाच्या मुलांस व दहा टक्के इतरांस अशी वाटणी ठरली. तीही जुलैत न्यायालयात पडली. २०१० मध्ये 'बेस्ट फाइव्ह' आले. जूनमध्ये उच्च न्यायालयाने ते मोडले आणि जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उभे केले. २०२१ मध्ये साथीमुळे दहावीची परीक्षाच झाली नाही, निकाल ९९.९५ टक्के लागला, आणि अकरावीसाठी निराळी सामाईक परीक्षा घेण्याचा सरकारचा बेत ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने हाणून पाडला. दरवेळी हजारो घरांत जून-जुलैचे महिने वकिलांच्या तोंडाकडे पाहण्यात गेले. आम्ही त्याच धंद्यातले असल्यामुळे यावर अधिक बोलत नाही.

पण या सर्व खटपटीतील एक गोष्ट आमच्या वाचकांच्या नजरेस आणणे अगत्याचे आहे. भांडण सारे मंडळामंडळांतील होते. कोणत्या मंडळाची परीक्षा कठीण व कोणत्याची सोपी, कोणाचे परीक्षक सढळ व कोणाचे हात आखडते, यावर कागदांचे भारे खर्ची पडले. एकाच मंडळाच्या एकाच वर्गातील दोन मुलांपैकी एकाने जड विषय उचलला व दुसऱ्याने हलका, यांत तोल कसा साधावयाचा, हा प्रश्न कोणीच विचारला नाही. समानांस असमान लेखू नये हे समतेचे अर्धे तत्त्व झाले. जे असमान आहेत त्यांस डोळे मिटून समान लेखणे हाही समतेचा भंगच होय, हे उरलेले अर्धे. आणि ते आमच्या प्रवेशपद्धतीच्या गावीही नाही. केंद्रीय मंडळाने तर २०२० च्या परीक्षेपासून दहावीच्या गणिताच्या 'स्टँडर्ड' व 'बेसिक' अशा दोन उघड पातळ्या केल्या आहेत. मंडळ स्वतःच म्हणते की एक कठीण व दुसरी सोपी. टक्के काढताना मात्र दोन्हींचे गुण एकाच खात्यावर जमा होतात.

आणि ज्या गुणांवर आपण एवढा जीव टाकतो ते गुण तरी सोन्याच्या वजनासारखे स्थिर आहेत काय? २०१८ मध्ये दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला. पुढल्या वर्षी भाषा व सामाजिक शास्त्रे यांतील शाळेच्या हातचे अंतर्गत गुण काढून टाकले, तो निकाल एकदम ७७.१० वर आला. ओरड झाली, ते गुण परत दिले गेले, आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० वर चढला. पैकीच्या पैकी, म्हणजे शंभर टक्के मिळविणारे २०१९ मध्ये अवघे २० होते; २०२० मध्ये ते २४२ झाले. एका वर्षात महाराष्ट्रातील मुलांची बुद्धी बारापट झाली असे मानण्यास आमचे मन धजत नाही. गज लांबला-आखडला, कापड तेवढेच होते. दिल्लीत तर याची परमावधी झाली. २०११ मध्ये तेथील एका नामांकित वाणिज्य महाविद्यालयाने वाणिज्य विषय न घेतलेल्या मुलांसाठी प्रवेशाची पहिली रेषा शंभर टक्क्यांवर ओढली. पुढे गुणांच्या या महापुराला कंटाळून दिल्ली विद्यापीठाने २०२२ पासून प्रवेश सामाईक परीक्षेवर नेले.

दहावीपर्यंत विषय सर्वांस बहुधा सारखे असतात, म्हणून तेथे नुकसान मर्यादित आहे. खरा सौदा अकरावीच्या अर्जावर होतो, आणि आमच्या व्यापारी बंधूंचा संबंध तेथेच अधिक येतो. कारण त्यांची मुले बहुतकरून वाणिज्य शाखेकडे वळतात. तेथे गणित घ्यावे की त्याऐवजी चिटणिसाच्या कामकाजाचा विषय, ज्यास मुले नुसते 'एस. पी.' म्हणतात, दुसरी भाषा घ्यावी की माहिती-तंत्रज्ञान, असे पर्याय असतात. पर्याय असणे चांगलेच. पण शिकवणीवर्गापासून शेजारच्या काकूंपर्यंत सर्वांचा सल्ला एकच : ज्यात गुण पडतात ते घे. माहिती-तंत्रज्ञान हा उपयुक्त विषय आहे, एस. पी. सुद्धा निरर्थक नाही. ज्यास त्याची आवड आहे त्याने तो अवश्य घ्यावा. परंतु आवड राहिली बाजूस, आणि केवळ बारावीच्या टक्क्यांत पाच-दहांची भर पडावी म्हणून गणिताकडे पाठ फिरविणारी मुले वर्गच्या वर्ग भरून आहेत. त्यांतील कित्येकांच्या मनात पुढे सनदी लेखापाल, म्हणजे सी. ए. व्हावयाचे असते. त्या परीक्षेच्या पहिल्याच पायरीवर व्यापारी गणित, तर्क व संख्याशास्त्र यांचा एक स्वतंत्र पेपर उभा आहे, हे त्यांस बारावी झाल्यावर कळते. मग दोन वर्षांपूर्वी जे फुकट मिळत होते ते शिकण्यासाठी वडील फी मोजतात. अर्थशास्त्र वा संख्याशास्त्र नीट शिकू इच्छिणाऱ्याची गतही तीच. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

संस्कृताची कहाणी याहून उपहासास्पद आहे. मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्यास जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळे. १९१२ मध्ये ती चिंतामणराव देशमुखांस मिळाली, आणि त्या परीक्षेत एकंदरीतही तेच पहिले होते. त्या काळी ती शिष्यवृत्ती मिळविणे म्हणजे कठीण विषय कठीण म्हणून जिंकणे होते, आणि तिचा मान टक्क्यांच्या बेरजेहून निराळा असे. आज तेच संस्कृत घरोघर घेतले जाते ते 'स्कोअरिंग' म्हणून. परीक्षा संपताच पुस्तक रद्दीत जाते. कालिदासाचे नाव न घेता शंभरापैकी अठ्ठ्याण्णव मिळतात, याबद्दल मुलांस दोष देण्यात अर्थ नाही. ज्या पेठेत मीटरच मोजला जातो तेथे ती मीटरच विणणार.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही हलका मानीत नाही. विषयाचा कस तोलावयाचा, तर तागडी कोणाच्या हाती? आज टक्के निदान उघडे आहेत. गोदामात हमाली करणाऱ्याचा मुलगा आणि चार मागांच्या मालकाचा मुलगा, दोघांचे टक्के एकाच यादीत लागतात, आणि वशिल्याने त्यांत एका दशांशाचाही फरक करता येत नाही. प्रवेश ऑनलाइन झाल्यापासून तर प्राचार्यांच्या खोलीबाहेर चिठ्ठी घेऊन बसण्याचे दिवस पुष्कळसे सरले. आता कठिणतेचा विचार करू म्हणून कोणा समितीच्या हाती विवेक दिला तर त्याच वाटेने देणगी आत येईल. इतिहासही हेच शिकवितो. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ मध्ये विलायतेत सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा उतरून पहिले हिंदी सिव्हिलियन झाले. त्या परीक्षेत विषयांस सारखे गुण नव्हतेच. ग्रीक व लॅटिन यांस प्रत्येकी ७५० होते, संस्कृत व अरबी यांस ५००. सत्येंद्रनाथांच्या यशानंतर थोड्याच काळात संस्कृत व अरबी यांचे गुण ५०० वरून ३७५ वर आणले गेले. ग्रीक-लॅटिन हिंदी मुलाने शिकावयाचे कोठे, आणि संस्कृताचे पाणी गोऱ्या साहेबास ते काय ठाऊक! दिसावयास निव्वळ कोष्टकातला बदल. पण त्याने दाराची कडी आतून लागली. विषयाचे वजन ठरविणे हे सत्तेचे शस्त्र होऊ शकते, हे आम्ही तरी विसरता कामा नये.

म्हणून आम्ही विवेकाची मागणी करीत नाही, नियमाची करतो. आणि नियम असा की जो आधी छापून निघेल, सर्वांस एकच लागू होईल व ज्यात कोणाच्या मर्जीस जागा राहणार नाही. असे नियम जगात नाहीत असे नव्हे. आयर्लंडात बारावीच्या तोडीच्या परीक्षेत गणिताच्या वरच्या पातळीवर ठरीव श्रेणी मिळविणाऱ्यास २०१२ पासून महाविद्यालय-प्रवेशासाठी २५ गुण जादा दिले जातात. त्यापूर्वी, २०११ मध्ये, ती पातळी घेणारे सुमारे सोळा टक्के होते. पुढल्या दहा वर्षांत ते तिसांहून अधिक झाले. भाव दिला, माल आला. कॅलिफोर्नियाचे सरकारी विद्यापीठही शाळेतील वरच्या पातळीच्या अभ्यासक्रमास प्रवेशाच्या हिशेबात जादा भार देते. आयर्लंडातील व्यवस्थेवरही टीका होते, आणि ती योग्य आहे : ज्यास पुढे गणिताशी काही कर्तव्य नाही अशा अभ्यासक्रमासाठीही ते २५ गुण चालतात, त्यामुळे केवळ गुणांसाठी गणित घेणारा एक नवाच वर्ग निर्माण झाला. म्हणजे आमच्याकडील संस्कृताचा प्रकार तिकडे गणितात घडला. हे टाळावयाचे तर जादा भार त्या त्या शाखेपुरताच हवा.

आमची सूचना साधी आहे. 'बेस्ट फाइव्ह' राहू द्या. परंतु विज्ञान शाखेची गुणवत्ता यादी लावताना गणित व विज्ञान हे दोन विषय, आणि वाणिज्य शाखेची लावताना गणित, गाळता येणार नाही एवढे ठरवा. कला शाखेस जावयाचे असेल त्याने गणित खुशाल गाळावे. तेथे गाळता येऊ नयेत त्या भाषा. वर सांगितलेल्या दोन मुलांचा निकाल एवढ्यानेच लागतो : गणित धरून पहिल्याची बेरीज ४२०, म्हणजे ८४ टक्के; दुसऱ्याची ४५५ तशीच. बारावीनंतर अर्थशास्त्र, संख्याशास्त्र व वाणिज्य यांच्या पदवीस प्रवेश देताना ज्याने बारावीस गणित घेऊन ठरीव मर्यादेवर गुण मिळविले त्यास काही ठरीव टक्के जादा धरावे. किती धरावे याचा आकडा आम्ही सांगत नाही. तो मंडळाने आपल्याजवळील दहा वर्षांचे निकाल विषयवार ताडून पाहून काढावा, आणि ताडलेला तक्ता लोकांपुढे ठेवावा. आणि हा नियम जाहीर व्हावा तो निकालानंतर नव्हे, तर मुले नववीत वा अकरावीत पाऊल टाकण्याआधी. खेळ सुरू झाल्यावर नियम बदलता येत नाहीत, असे नोकरभरतीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितले आहे. शाळकरी मुलांस त्याहून कमी न्याय का मिळावा? २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सबंध राज्यात एकाच ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले आहेत, त्यामुळे असा नियम भिवंडीस एक व नांदेडास दुसरा होण्याची भीतीही राहिलेली नाही.

तोवर पालकांनी काय करावे? कल्याण, ठाणे वा माटुंग्याच्या नामांकित महाविद्यालयाची यादी एका टक्क्याने चुकली म्हणून जगबुडी होत नाही, एवढे आधी मनाशी धरावे. मुलास पुढे ज्या कामास जावयाचे त्या कामास जो विषय लागतो तो त्याने घ्यावा, त्यात त्यास ९० ऐवजी ७५ मिळाले तरी. जो विषय कोठेच लागत नाही व ज्याची आवडही नाही, तो केवळ टक्के फुगतात म्हणून घेऊ नये. यादी चुकल्याचे दुःख जुलैपुरते असते. ज्या विषयाचा पायाच घातला नाही त्याची उणीव वयाच्या पंचविसाव्या वर्षी ताळेबंद वाचताना भासते, आणि तेव्हा शिकवणारा कोणी भेटत नाही.

शेवटी एक अडचण उरते, आणि ती आमच्या सूचनेविरुद्ध जाणारी असल्यामुळे लपविणे बरे नव्हे. गणितास जादा भार दिला म्हणजे ज्या शाळेत गणिताचा चांगला शिक्षक आहे तेथील मुले वर जातील, आणि यादीत एक वर गेला की दुसरा खाली येतोच. भिवंडीत मुले मराठी, उर्दू, तेलुगू, हिंदी अशा किती तरी भाषांत शिकतात. कित्येकांच्या घरी आईबापांची भाषा एक, शाळेची दुसरी, आणि खालच्या मजल्यावर रात्रंदिवस मागांचा खडखडाट. अशा मुलाने गणितात मिळविलेले सत्तर हे दुसऱ्याच्या नव्वदांपेक्षा जड आहेत. पण ते मोजण्याची तागडी आमच्याजवळ नाही, आणि कोणत्याही मंडळाजवळ ती नाही. त्यावर उपाय यादीत नाही, वर्गात आहे. आमच्या महानगरपालिकेने व खाजगी संस्थांनी आपापल्या प्रत्येक माध्यमाच्या शाळेत आठवीपासून दहावीपर्यंत गणित शिकविण्यास त्याच विषयाचा पदवीधर नेमलेला आहे किंवा नाही, याची शाळावार यादी येत्या जूनपूर्वी प्रसिद्ध करावी. ज्या शाळेपुढे 'नाही' असे लिहावे लागेल, त्या शाळेचे नाव त्या यादीत सर्वांत वर असावे.